वाचून झालेला कागद

लग्नात, शोकाच्या घरी, बेर शेवाला जाणाऱ्या बसमध्ये, कुठेही माझी ओळख निघाली की लोक मला एकच प्रश्न विचारतात. "खरं सांग सॅमसन, आम्ही वेगळा करून टाकलेला कागद पुढे वेगळा जातो, की तुम्ही सगळं एकाच खड्ड्यात नेऊन ओतता?" विचारताना डोळा मिचकावतात. मीही हसतो. इतकी वर्षं मी हा प्रश्न हसण्यावारी नेला. आपल्या समाजाच्या या अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा ठरवलं, या वेळी हसायचं नाही.

मी येरुहामचा. म्हणजे जन्म कुलाबा जिल्ह्यातला, पण दहा वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर मुंबईहून इथे नेगेवच्या वाळवंटात आलो तो कायमचाच. चौथीपर्यंतची मराठी शाळा तेवढी बरोबर आणली. वीस वर्षं कारखान्यात काढली, कारखाना बंद पडला, आणि नव्वदच्या दशकात घरोघरचा जुना कागद गोळा करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या ट्रकवर लागलो. आईला शेवटपर्यंत वाटायचं की मी कचरेवाला झालो. मी तिला सांगायचो, कचरा वेगळा आणि माझा माल वेगळा. तिला काही ते पटलं नाही.

धंदा समजायला सोपा आहे. चौकात एक उंच लोखंडी पेटी असते. तिला वर पोस्टाच्या पेटीसारखी फट. त्यात फक्त कागद टाकायचा: वर्तमानपत्रं, वह्या, पाकिटं. ठरल्या दिवशी आम्ही ती ट्रकमध्ये रिकामी करायची आणि माल बेर शेवाच्या गोदामात न्यायचा. तिथे फरशीवर पसरून हातानं निवडतात, दाबून गठ्ठे बांधतात आणि गठ्ठे उत्तरेकडच्या गिरणीत जातात. कागदाचे वैरी तीन: पाणी, तेल आणि तान्ह्या बाळाची लंगोटी. गोदामातला माणूस ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा. हात ओला निघाला की सगळा ट्रक परत. एका घरच्या आळसापायी चाळीस घरांची मेहनत मातीत जायची, आणि शिव्या मात्र आम्ही खायच्या.

त्या पेट्यांत मी काय काय पाहिलं! एक दातांची कवळी. युद्धाच्या वेळी घरोघर वाटलेला एक न उघडलेला गॅसमास्क, का तर खोका पुठ्ठ्याचा होता म्हणून. एक लग्नाचा अल्बम, त्यातल्या प्रत्येक फोटोतून नवऱ्याचं तोंड कात्रीनं कापून काढलेलं. पुढे रिकाम्या बाटल्या टाकायला चौकात जाळीचे पिंजरे आले तेव्हा आपल्यातल्याच एक बाई बाटल्या दोन पिशव्यांत भरून द्यायच्या, एकीला लाल दोरी, एकीला निळी. मी विचारलं तर म्हणाल्या, लाल दोरीच्या मटणाच्या जेवणाच्या, निळ्या दोरीच्या दुधाच्या जेवणाच्या; आपल्यात मांस आणि दूध एकत्र येऊ देत नाहीत ना. "अहो बाई, सगळ्या सोड्याच्याच बाटल्या ना?" म्हटलं, तर माझ्याकडे अशा पाहत राहिल्या, की मी दोन्ही पिशव्या वेगवेगळ्या हातांत धरून खाली नेल्या. वर त्या सगळ्या बाटल्या नळाखाली घासून धुतलेल्या. वाळवंटात, जिथे झाडाला पाणी मोजून घालतात, तिथे फेकायची बाटली धुवायची! हे असंच आहे. एक वाचवायला जावं तर दुसरं खर्च होतं. येरुहामचा कागद गिरणीपर्यंत न्यायला अर्धा देश ओलांडावा लागायचा. ट्रकनं जाळलेलं डिझेल आणि वाचलेली झाडं यांचा मेळ कुणी घातला असेल तर मला ठाऊक नाही. आम्हाला कुणी विचारलं नाही.

आणखी एक काम आम्हाला करावं लागायचं, ते जगात दुसऱ्या कुठल्या कागदवाल्याला पडत नसेल. देवाचं नाव लिहिलेला कागद आपण ज्यू लोक फेकत नाही. तो गेनिझात, म्हणजे अशा कागदांसाठी राखलेल्या पेटीत ठेवतात आणि नंतर माणसासारखा दफन करतात. पण लोक सिनेगॉगमधून मिळालेली प्रार्थनेची पानं वर्तमानपत्राबरोबर खुशाल टाकून मोकळे होतात. म्हणून ट्रकमध्ये माझ्या सीटमागे एक खोका असे. माल उतरवताना दिसेल तेवढं पवित्र पान उचलून मी त्यात टाकायचो आणि शुक्रवारी सिनेगॉगमध्ये पोचवायचो.

आता रिबकामावशी. माझ्या आईच्या ओळखीच्या, वयानं ऐंशीच्या पुढच्या. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. नवरा इसाजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा दानिएल दुसऱ्या गावी, अरादला, बायकामुलांसह छोट्या घरात. मावशींचे गुडघे धरलेले, चौकातल्या पेटीपर्यंत जाणं व्हायचं नाही, म्हणून मी दर दुसऱ्या मंगळवारी वर जाऊन त्यांच्या कागदाची पिशवी घेऊन यायचो. नियमात बसत नव्हतं, पण त्यांचा चहा नियमापेक्षा चांगला होता.

मावशींना अक्षरओळख नव्हती. मराठी नाही, हिब्रू नाही. एक दिवस त्यांनी बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. आत निळी विमानपत्रं, काठोकाठ. त्यांची धाकटी बहीण शेगुला रेवदंड्याला मागे राहिली होती, म्हाताऱ्या आईपाशी. ती वीसेक वर्षं लिहीत राहिली. पत्र आलं की इसाजीकाका एकदा वाचून दाखवत आणि पत्र डब्यात जाई. मग शेगुला वारली, नंतर काका वारले, आणि घरात मराठी वाचणारं कुणी उरलं नाही. दानिएल मराठी बोलायला लाजायचा. आई मराठीत बोले, तो हिब्रूत उत्तर देई; आईला हाकही हिब्रूत, 'इमा' अशी मारी.

"दानिएल मला अरादला नेतोय," मावशी म्हणाल्या. "बोलतो, इमा, एक सुटकेस घे, जास्ती नको. त्याची काय मिस्टेक, जागाच नाय. पन जायच्या आधी ही सगळी एकदा ऐकायची हायेत मला. तू वाचशील?"

ट्रक खाली उभा असायचा, चालक हॉर्न मारायचा. तरी मी दर खेपेला एकदोन पत्रं वाचू लागलो. पत्रं साधीच. नारळ उतरवले. विहिरीचा गाळ काढला. आईनं जेवण कमी केलंय. मलिद्याच्या विधीला पोहे चांगले मिळाले नाहीत. शेवटी प्रत्येक पत्रात एक ओळ ठरलेली: तू कधी येतेस? मावशी त्या ओळीला मान खाली घालायच्या. बाकी पत्राला मात्र समोर बसल्यासारखी उत्तरं द्यायच्या. "अगो, त्या गड्याला दोनच नारळ द्यायचे, तीन कशापायी दिलेस?" मेलेल्या बहिणीशी वीस वर्षांपूर्वीच्या नारळांवरून भांडायच्या! माझी घाई विरून जायची. खरं सांगायचं तर मलाही त्या पत्रांची सवय लागली होती. आमच्या घरीही माझ्या मुलांना मराठी वाचता येत नव्हतं.

एकदा त्यांनी विचारलं, कागदाच्या पिशवीत नेमकं काय काय टाकायचं? त्यांना वाचता येत नाही, तर जपायचं कुठलं आणि टाकायचं कुठलं हे कळणार कसं? मी जिना उतरायच्या घाईत होतो. म्हणालो, "मावशी, एकदा वाचून झालं की त्याचं काम झालं. ते कागदात टाकायचं. नीट घडी करून, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्याचा नवा कागद होतो."

"खरोखर होतो?"

"शंभर टक्के. गिरणीत लगदा करतात आणि नवा कोरा कागद काढतात."

"मानूस गेला की गेला," मावशी म्हणाल्या. "कागदाचं बरं हाय."

मला वाटलं म्हातारी आपली बोलतेय. मी पिशवी उचलली आणि गेलो.

त्याच सुमारास जुन्या कागदाचे भाव कोसळले. गोदामानं माल घेणं थांबवलं. कंत्राटदारानं आम्हाला बोलावून सांगितलं, "सध्या गाड्या कचऱ्याच्या टेकडीवर रिकाम्या करा. पण पेट्या काढू नका आणि कुणाला सांगू नका. लोकांची सवय मोडली तर पुन्हा लागायला दहा वर्षं जातील." त्याचं म्हणणं मला तेव्हा पटलं, आणि अजूनही ते अगदीच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. लोकांना खरं सांगावं तर ते उद्यापासून वेगळं करणं सोडतील, न सांगावं तर आपण त्यांना फसवतो. मी न सांगण्याच्या बाजूनं राहिलो. म्हटलं, महिनाभराची गोष्ट. ती वर्षाहून जास्त चालली. शाळेतली मुलं वर्तमानपत्रांचे गठ्ठे उचलून आणायची, बाया कागद दोरीनं बांधून द्यायच्या, मी "शाबास" म्हणायचो, आणि सगळं शहराबाहेरच्या टेकडीवर नेऊन ओतायचो, खरकट्यावर आणि फाटक्या गाद्यांवर.

तिथेही पवित्र पानं उचलायचं काम मी सोडलं नव्हतं. उलट जास्तच जपून करायचो, कारण लगद्यात जाणं वेगळं आणि उकिरड्यात पडणं वेगळं. एका मंगळवारी दुपारी वारा फार होता. माल ओतल्यावर एक गुंडाळी सुटली आणि तिच्यातून निळा कागद बाहेर आला. पहिली ओळ दिसली: परमेश्वराच्या दयेने आम्ही सर्व सुखरूप. देवाचं नाव आहे, म्हणून मी खोक्यात टाकायला तो उचलला. मग अक्षर ओळखलं. दोन आठवड्यांपूर्वी मीच वाचलेलं पत्र होतं ते. डब्यातलं शेवटचं. शेगुलानं आयुष्यात लिहिलेलं शेवटचं.

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जे जे वाचून झालं, ते ते मावशींनी मी सांगितल्याप्रमाणे घडी करून, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याच हातात दिलं होतं. आणि मी ते जिन्यावरून उतरवून इथे आणून ओतलं होतं. एक एक करून. सगळं.

मी फावडं घेऊन ढिगात शिरलो. टेकडीवर बुलडोझर चालवणारा सालेम नावाचा बेदुईन, म्हणजे इथल्या वाळवंटातला अरब होता. त्यानं मशीन थांबवलं आणि खाली उतरला.

"काय हरवलं?"

"पत्रं."

"तुझी?"

"नाही. एका म्हातारीची."

"कधीची गाडी?"

"वर्षभरातल्या सगळ्या."

सालेमनं माझ्याकडे पाहिलं, मग पायाखाली पाहिलं. तो रोज संध्याकाळी कचऱ्यावर मातीचा थर चढवायचा. "सॅमसन, ते आपल्या खाली दोन पुरुष खोल आहे," तो म्हणाला. तरी त्यानं अर्धा तास मशीन बंद ठेवलं, सिगारेट न पेटवता माझ्याबरोबर उकरत राहिला. काही मिळालं नाही. त्याचे उपकार मी विसरलेलो नाही.

पुढच्या मंगळवारी ते पत्र खिशात घालून मावशींकडे गेलो. सगळं सांगायचं असं जिन्यात तीनदा घोकलं. वर पोचलो तर सुटकेस दाराशी बांधून तयार. डबा स्वच्छ पुसून ओट्यावर पालथा घातलेला.

"मावशी, पत्रं कुठायत?" मी उगाच विचारलं.

"दिली की तुला. तू बोललास ना, वाचलं की कागदात टाकायचं. तिथे अरादला सुनेनं कचऱ्यात फेकली असती, तिला बिचारीला काय कळणार? त्यापरीस तुज्या हातानं गेलेली बरी." मग त्या पुढे झाल्या आणि हळूच म्हणाल्या, "झाला काय रे त्याचा कागद?"

मी त्या क्षणी खरं बोललो असतो तर आज हे लिहावं लागलं नसतं. एवढ्या विश्वासानं कुणी विचारलं की खऱ्याला तोंडच फुटत नाही. की ही सगळी माझीच सबब आहे? भित्रा माणूस सबबी चांगल्या रचतो. मी "झाला" म्हणालो. खिशातलं पत्र खिशातच राहिलं. ते काढलं असतं तर कुठे मिळालं हेही सांगावं लागलं असतं.

"मंग मला एक कागद आणून दे त्यातला," मावशी म्हणाल्या. "शेगुलाची सीमा ठान्याला हाय. तिला पत्र लिवायचंय. तू लिव."

मी खाली उतरलो. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात सर्वांत जाड, किंचित पिवळसर कागद मागितला. दुकानदारानं एक पान सुटं काढून दिलं. वर आलो आणि ते मावशींच्या हातात ठेवलं. त्यांनी ते दोन्ही तळव्यांमध्ये धरलं, गालाला लावलं. "मऊ हाय," म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले, आणि मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

मग त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो. "सीमाबाय, मी आता दानिएलकडे जाते. तुज्या आयेची पत्रं मी सांबाळली होती, पन तिथे जागा नाय. फेकली नाय हां. सामसननं त्याचा नवा कागद करून आनला. हा कागद त्याचाच हाय. हात लावून बघ. आये तुजी ह्याच्यात हाय." मी एक अक्षर न बदलता लिहिलं. चौथीत मास्तरांनी गिरवून घेतलेलं माझं अक्षर तसं चांगलं आहे. त्या दिवशी ते फारच चांगलं आलं.

मावशी अरादला गेल्या. दोनेक महिन्यांनी माझ्या पत्त्यावर ठाण्याहून उत्तर आलं, कारण पाकिटावर पत्ता माझा घातला होता. ते घेऊन मी बसनं अरादला गेलो. दानिएलच्या बैठकीच्या खोलीत टीव्ही चालू होता, मावशी कोपऱ्यात बसल्या होत्या. मी वाचून दाखवलं. सीमाबाईंनी लिहिलं होतं की आईचं एकही अक्षर त्यांच्यापाशी नाही, घर विकलं तेव्हा सगळं गेलं. म्हणून हा कागद त्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवतात आणि शुक्रवारी संध्याकाळी शाबाथची दिवाबत्ती करताना त्यावरून हात फिरवतात.

"बग," मावशी म्हणाल्या. "वाया नाय गेलं." त्यांनी मुलाला हाक मारली आणि त्याला मराठीत सगळं पुन्हा सांगितलं. दानिएलनं टीव्हीचा आवाज कमी केला, ऐकून घेतलं आणि माझा हात धरून हिब्रूत म्हणाला, "तू आईसाठी जे केलंस ते मी मुलगा असून केलं नाही." त्या वाक्यावर मी अरादहून येरुहामपर्यंत बसमध्ये मान वर केली नाही.

पुढे भाव सुधारले, गोदाम पुन्हा माल घेऊ लागलं, गाड्या पुन्हा गिरणीकडे वळल्या. नंतरची आठदहा वर्षं मी जो कागद नेला तो खरोखर कागद झाला, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. तेव्हा लोकहो, प्रश्नाचं उत्तर असं: जातो, बहुतेक वेळा जातो. पण सगळ्या वेळा गेला नाही, आणि जेव्हा गेला नाही तेव्हा ज्यांना माहीत होतं त्यांच्यात मी होतो. तरीही वेगळं करणं सोडू नका. माझ्या तोंडी हे शोभत नाही, तरी सांगतो.

रिबकामावशी गेल्या वर्षी अरादलाच वारल्या. दफनाला मी होतो. मला तिथेही सांगता आलं नाही.

सीमाबाई, हा अंक ठाण्याला जातो असं संपादक म्हणाले, म्हणून शेवटचं तुमच्याशी बोलतो. तुमच्या पुस्तकातला तो कागद येरुहामच्या दुकानातला आहे. त्यात तुमची आई नाही. तिची पत्रं इथल्या टेकडीखाली आहेत आणि ती मी तिथे टाकली. एक माझ्यापाशी राहिलं, ते पत्र या अंकाबरोबर रजिस्टर पोस्टानं तुमच्याकडे निघालंय. त्यात खाली तुमच्याविषयी चार ओळी आहेत. त्या मी दोनदा वाचल्या, एकदा मावशींसाठी आणि एकदा टेकडीवर. इथे उतरवत नाही. त्या तुमच्या आहेत, तुम्हीच वाचा.